एन्डेमिक? कुठलं एन्डेमिक?

सडाफटिंग
सप्टेंबर उजाडला की व्हॉट्सॅपवर रानफुलांचे फोटो आणि त्या फोटोंखाली ‘एन्डेमिक’ हा शब्द, दोन्ही सारख्याच जोमाने उगवतात. कुणी सोनकी टाको, कुणी तेरडा, एक जण तरी लिहितोच, ‘वा, एन्डेमिक!’ जणू फुलाला पद्मश्री मिळाली. परवा घाणेरीच्या फोटोखाली हे वाचलं आणि राहवलं नाही. ती बया अमेरिकेकडून बागेची शोभा म्हणून आली आणि आता डोंगरच्या डोंगर अडवून बसली आहे.

धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. आमच्या गावच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) माहितीफलक लावायचे ठरलंय आणि मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. इंग्रजी पुस्तकांत नेटिव्ह, इंडिजिनस, एन्डेमिक असे शब्द आलटून पालटून येतात, मराठीत आपण सगळ्यांना ‘स्थानिक’ म्हणतो आणि मोकळे होतो. आधी माझी समजूत मांडतो, मग तुम्ही तासा.

नेटिव्ह म्हणजे माणसाने आणून न लावता, न सोडता जे एखाद्या मुलखात आपसूक आहे ते. इतर दहा देशांतही ते आपसूक असेल, हरकत नाही. एन्डेमिक त्याच्या पुढचं: या मुलखात आपसूक आहे आणि जगात दुसरीकडे कुठेच आपसूक नाही. इंडिजिनस बहुतेक वेळा नेटिव्हच्याच अर्थाने येतो, फक्त गाईगुरं, बियाणं आणि माणसं यांच्याबद्दल बोलताना तो जास्त वापरतात.

आता आपली राज्यचिन्हं घ्या. आंबा आपला खरा, पण तो म्यानमारकडेही तितकाच घरचा. ताम्हण थेट फिलिपिन्सपर्यंत फुलते. हरियाल पाकिस्तानपासून व्हिएतनामपर्यंत. ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू (२०१५ साली जाहीर झालं) भारत आणि श्रीलंका मिळून. राहिलं शेकरू. ते भारताबाहेर रानात कुठेच नाही, म्हणजे एन्डेमिक, पण भारताला. महाराष्ट्राला नव्हे, कारण तेच झाडांवर कर्नाटक-केरळातही उड्या मारतंय. म्हणजे या पाच मानकऱ्यांपैकी एकही जण महाराष्ट्राचा एन्डेमिक नाही! आणि यात कमीपणा काहीच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: ‘एन्डेमिक आहे’ हे अर्धं वाक्य झालं. कुठे एन्डेमिक ते सांगा. देशाला, सह्याद्रीला, एका जिल्ह्याला, की एका डबक्याला? जागा सांगता येत नसेल तर तो शब्द वापरू नये.

डोंगरवेडी
छान धागा. +१ जागेच्या मुद्द्याला. आणखी एक गैरसमज यात घाला, कारण ट्रेकला तो दर वेळी ऐकते: एन्डेमिक म्हणजे दुर्मीळ. नाही हो! कारवी बघा. भारताबाहेर ती नाही, पण सह्याद्रीच्या उतारांवर एवढी माजलेली असते की वाट काढताना अंगावर येते. जुन्या कुडाच्या घरांच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या, वरून शेणमाती लिंपलेली. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती आठ वर्षांनी फुलते, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. दुर्मीळ आहे तो तिचा फुलोरा.

उलट बाजूने माळढोक. शेवटच्या घटका मोजतोय बिचारा, पण पट्टा बघितला तर भारत आणि पाकिस्तान दोन्हीकडचा. दुर्मीळपणा म्हणजे किती उरलेत, एन्डेमिकपणा म्हणजे कुठवर आहेत. दोन वेगळ्या वह्या.

पुणेरी_पाटी
मग आम्ही सदाशिव पेठवाले एन्डेमिक का? हलके घ्या.

सडाफटिंग
@पुणेरी_पाटी, आता न्यू जर्सीत आणि बे एरियात आपसूक उगवताय तुम्ही. पट्टा वाढला, दर्जा गेला.

कातळखुणा
वाचतोय. सड्याचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘इथेच का?’ हे फलकावर आलं नाही तर ‘इथेच आहे’ याला काही वजन राहत नाही.

सडा म्हणजे जांभा. तिथे मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. जून ते सप्टेंबर या कातळावर पाणी हटत नाही. नोव्हेंबर संपला की तोच कातळ तव्यासारखा तापतो. चार महिने दलदल आणि आठ महिने वाळवंट असं दोन्ही सोसणारी झाडं जगात फारशी नाहीत. त्यातून जांभ्यावरची माती आम्लधर्मी आणि नत्राला कंगाल. म्हणून तर सीतेची आसवं आणि दवबिंदू ही इथली झाडं किडे खाऊन नत्राची सोय करतात. निळसर-जांभळी नाजूक आसवं बघून लोक हळवे होतात, पण खाली पाण्यात त्यांच्या बारीक फुग्यांचे सापळे किडे ओढून घेत असतात.

आणि हे सडे एकमेकांना जोडलेले नाहीत. दोन सड्यांच्या मध्ये दरी, दरीत दाट रान. सड्यावरच्या बुटक्या झाडाला ते रान म्हणजे समुद्रच. त्यामुळे डोंगरमाथ्यावर असून या जागा बेटांसारख्या वागतात. बेटावर अडकलेलं हळूहळू वेगळं होत जातं. मादागास्करला जे झालं तेच, फक्त माप लहान.

कासच्या पठारावरचा वायतुरा यासाठी मुद्दाम बघावा. गावात अपोनोजेटॉन सातारेन्सिस म्हणून कुणी ओळखणार नाही, पण शास्त्रीय नावातच सातारा आहे आणि ते नाव १९८२ मध्ये मिळालं. पावसाळी डबक्यांत आणि ओल्या मातीत वाढतो. लांब देठ वर येतो आणि टोकाला दोन फाटे फुटतात, इंग्रजी वाय अक्षरासारखे. त्या फाट्यांवर फुलं दाटीने. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. पाऊस संपला, डबकं आटलं की वरचं सगळं नाहीसं होतं आणि कंद चिखलात झोपून राहतो. उन्हाळ्यात तिथून चालत गेलात तर पायाखाली काही आहे याची कल्पनाही येत नाही. सड्याला सरकारी कागदात ‘पडीक’ म्हणतात ते याच उन्हाळी दर्शनामुळे. सह्याद्रीच्या ३९ जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरल्या, त्यात कास आहे. पण कोकणातले कित्येक सडे अजून कुणाच्याच यादीत नाहीत आणि चिरेखाणीखाली जातायत. वायतुरा वाढायला डबकं लागतं; चिरे काढल्यावर उरलेला खड्डा आणि ते डबकं यांत फरक आहे हे कुणीतरी अधिकाऱ्यांना सांगा.

मिरजेचा_मुलगा
कातळखुणा, जबरी प्रतिसाद. एक शंका. शिवसुमन आमच्याकडे कुंडीत आहे. नर्सरीतून आणलं. परदेशातले निवडुंगवाले लोकही ते हौसेने वाढवतात म्हणे. मग ते अजून महाराष्ट्राचं एन्डेमिक कसं?

कातळखुणा
@मिरजेचा_मुलगा, धागाकर्त्याने ‘आपसूक’ हा शब्द पुन्हा पुन्हा वापरलाय तो त्यासाठीच. कुंडी मोजायची नाही. शिवसुमन एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने जुन्नर भागातून नोंदवलं, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या नावावरून त्याला फ्रेरिया म्हटलं. शिवनेरीच्या नात्याने आपण शिवसुमन केलं. जुनं नाव शिंदळ माकुडी, ते आता कुणी घेत नाही (का ते कळतंच). कड्याच्या बेचक्यात मांसल खोडावर ते लालसर-जांभळं, पिवळे ठिपके मिरवणारं फूल येतं. रानात ते महाराष्ट्राच्या मोजक्या कड्यांवरच. कुंड्या लाखभर झाल्या तरी तो हिशेब बदलत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्या रस्त्यावर आहे. गुलमोहर! रानावस्थेत तो मादागास्करचा, तिथलाच एन्डेमिक. आणि साताऱ्यात १ मेला गुलमोहर दिवस साजरा होतो.

सान्तेरी
गोव्याहून. आमच्या काजूचं काय करायचं बोला. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. म्हणजे सरकारच सांगतं की ही वस्तू गोव्याचीच. मग काजू परका आणि फेणी इथली?

डोंगरवेडी
@सान्तेरी, हो, तसंच! जीआय हा माणसाच्या हातगुणाचा आणि त्या हवापाण्याचा दाखला, झाडाच्या कुळाचा नव्हे. झाड परकं, पण बोंडू तुडवून रस काढणं, तो आंबवणं, भाटीत उतरवणं हे सगळं गोव्यात घडलं. बीडच्या सीताफळाला जीआय आहे आणि सीताफळ मुळात अमेरिकेकडचं, नावात सीता असली तरी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची तर कमाल. तिला २०१० मध्ये जीआय मिळाला, आणि ती जात म्हणजे उत्तर अमेरिकेची एक आणि चिलीची एक अशा दोन स्ट्रॉबेऱ्यांचा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झालेला संकर. महाबळेश्वरची ती आहेच, मॅप्रोत रांग लावणाऱ्याला विचारा. पण नेटिव्ह? अजिबात नाही.

जाता जाता, नावावर तर मुळीच जाऊ नये. निलगिरी ऑस्ट्रेलियाची. देवचाफा देवळाच्या पारावर दोनशे वर्षं असेल, पण घर मध्य अमेरिकेत. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा.

कडूकारलं
म्हणजे तोरणात आंब्याची पानं तेवढी आपली. दसरा रद्द करायचा का मग? हा सगळा इंग्रजाळलेला शुद्धतेचा सोस आहे. आमच्या आजीला मिरची परकी वाटली नाही कधी.

सडाफटिंग
@कडूकारलं, मिरचीवर कुणी हात टाकत नाहीये, ठेचा सुरक्षित आहे. आपलंसं असणं आणि मुळातलं असणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की भांडण मिटतं. झेंडू बांधावर लावा, हार करा. तो सड्यावर जाऊन वायतुऱ्याचं डबकं बळकावत नाही. गाजरगवत आणि घाणेरी बळकावतात. परका असणं हा गुन्हा नाही, पण कोण पसरतंय ते बघायला आधी कोण कुठलं ते माहीत असावं लागतं ना.

गोळीबंद_डॉक्टर
आमच्या धंद्यातला अर्थ कुणीच काढला नाही अजून, आश्चर्य आहे! कोविडच्या शेवटी टीव्हीवर रोज चालायचं की ‘आता हा एन्डेमिक होणार’. लोकांना वाटलं एन्डेमिक म्हणजे सौम्य. तसं नाही. एपिडेमिक म्हणजे साथ, उसळते आणि ओसरते. एन्डेमिक म्हणजे त्या भागात मुक्कामाला असलेला रोग. दर वर्षी साधारण तेवढाच, अपेक्षेप्रमाणे. मलेरिया कितीतरी ठिकाणी एन्डेमिक आहे आणि माणसं मारतो.

खरं तर शब्द आधी आमचा. ग्रीकमध्ये डेमॉस म्हणजे लोक, लोकांमध्ये राहिलेला तो एन्डेमिक. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल याने तो १८२० मध्ये वैद्यकातून उचलून झाडांना लावला. आणि इथेच घोळ झाला: आमच्या एन्डेमिकमध्ये ‘दुसरीकडे नाही’ ही अट नाही, तुमच्यात ती आहे. मलेरिया ओडिशातही एन्डेमिक, आफ्रिकेतही एन्डेमिक. शेकरूबद्दल असं म्हणता येणार नाही.

दोन्ही अर्थ जवळपास एकत्र येतात असं एक उदाहरण मात्र आपल्याच घाटात आहे. माकडताप. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडायला लागली, माणसं तापाने फणफणली, तेव्हा विषाणू सापडला. गोचिडीतून येतो. पुढे घाटाच्या कडेकडेने वर सरकत २०१६ मध्ये दोडामार्गला पोचला. काजूच्या बागेत, जंगलात पालापाचोळा गोळा करायला जाणाऱ्यांना तो गाठतो. सान्तेरी, तुमच्या सत्तरी तालुक्यातही झालाय. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. (अवांतर झालं, पण सांगायलाच हवं होतं.)

ऑकलंडची_काकू
इथे न्यूझीलंडमध्ये हा फरक शाळेतली पोरं सांगतात, म्हणून लिहायचा मोह होतोय. आमच्या घरामागच्या ओढ्यावर पुकेको येतात. निळे, लाल चोचीचे, आपल्या जांभळ्या पाणकोंबडीसारखे. ते नेटिव्ह, पण एन्डेमिक नाहीत, कारण तेच ऑस्ट्रेलियातही आहेत. त्यांच्यासारखाच दिसणारा, पण दुप्पट जाडजूड आणि उडता न येणारा ताकाहे हा एन्डेमिक. तो नामशेष झाला असं धरून चालले होते, १९४८ मध्ये दक्षिण बेटावरच्या डोंगरात परत सापडला. शेजारी शेजारी उभे केले तर नवख्याला भाऊ भाऊ वाटतील.

आणि एक गमतीशीर पाहुणा. सिल्व्हरआय नावाचा चिमुकला पक्षी १८५० च्या दशकात ऑस्ट्रेलियाहून स्वतःच समुद्र ओलांडून आला. माओरी लोकांनी त्याला ताउहोऊ म्हटलं, म्हणजे अनोळखी, नवा आलेला. कुणी पिंजऱ्यातून आणला नाही म्हणून तो इथे नेटिव्ह धरतात. म्हणजे प्रश्न किती वर्षं झाली हा नसून कुणी आणलं हा आहे. चिमणी मात्र गोऱ्यांनी आणली, म्हणून ती परकी.

सडाफटिंग
काकू, चिमणीचं फार बरं झालं सांगितलंत. म्हणजे आपल्याकडची घरची चिमणी तिकडे परकी!

परत सापडण्यावरून: आपला रानपिंगळा. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुनाच नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला, ११३ वर्षांनी. तो मध्य भारताचा एन्डेमिक. तोवर लोक साध्या पिंगळ्यालाच तो समजत होते.

बरं, आता मूळ अडचण. मराठी शब्द सुचवा. पुस्तकी शब्द ‘प्रदेशनिष्ठ’. मला तो चालतो, पण गावातली मंडळी म्हणतात की फुलाने कसली निष्ठा वाहिली?

चिंचपेटी
मला तर शब्दच लागत नाही असं वाटतं. आपल्याकडे ‘च’ आहे की!

वायतुरा इथला. (नेटिव्ह.)
वायतुरा इथलाच. (एन्डेमिक.)
हरियाल इथलाही. 
गुलमोहर आणलेला.
घाणेरी आणलेली आणि पसरलेली.

पाचवीच्या पोराला वाचता येईल आणि आजीलाही. शिवाय ‘इथलाच’ म्हटलं की वाचणारा लगेच विचारतो ‘इथला म्हणजे कुठला?’ आणि धागाकर्त्याला हवी असलेली जागा आपोआप लिहावी लागते. प्रदेशनिष्ठ अहवालात ठेवा, फलकावर नको.

डोंगरवेडी
चिंचपेटी, टाळ्या! ‘च’ ने बाजी मारली.

गोळीबंद_डॉक्टर
रोगाला मात्र ‘इथलाच’ चालणार नाही हां. तिथे ‘मुक्कामी’ म्हणा.

कातळखुणा
‘इथलाच’ किती लहान जागेला लागू शकतो त्याचं उदाहरण फलकावर जरूर टाका: आंबोलीचं हिरण्यकेशी. महादेवाचं देऊळ, गुहेतून पाणी येतं, समोर कुंड. त्या कुंडात बोटापेक्षा लहान मासा सापडला, २०२० मध्ये त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र दोन हेक्टरच्या थोडं वर. नोंद झाली तेव्हा जगात त्या माशाचा हाच पत्ता होता. देवाचं पाणी म्हणून कुणी तिथे जाळं टाकलं नाही, हे त्याचं नशीब.

आता विचार करा, कुणा भल्या माणसाने डास मरतील म्हणून त्या कुंडात गप्पी मासे सोडले. गप्पी दक्षिण अमेरिकेचे, काय वाट्टेल त्या पाण्यात तगतात, पिल्लं देतात. आपण विहिरीत, टाक्यात ते सोडतोच, आरोग्य खातंच वाटतं. विहिरीत ठीक. पण त्या कुंडात ते गेले आणि या माशाला हटवलं तर जाऊन दुसरीकडून आणायला दुसरीकडे तो आहेच कुठे?

सान्तेरी
आंबोलीचा तो चट्ट्यापट्ट्यांचा भेकही तसाच ना? नावात वाघ आहे तो.

कातळखुणा
हो, झँथोफ्राइन टायगेरिना. २००९ मध्ये नाव मिळालं. आंबोलीचाच.

सडाफटिंग
पहिल्या फलकाचा कच्चा मजकूर असा होतोय, बघा:

‘हा सडा जांभ्याचा आहे. पावसाळ्यात इथे जी फुलं दिसतात त्यातली बरीच इथली आहेत, म्हणजे कुणी लावलेली नाहीत. काही सह्याद्रीतलीच आहेत, जगात दुसरीकडे ती रानात उगवत नाहीत. कडेला दिसणारी घाणेरी आणि गाजरगवत बाहेरून आलेली आहेत, ती उपटली तर चालतील. बाकी काही उपटू नका.’

खाली प्रत्येक झाडाचा फोटो, नाव आणि ‘कुठलं’ हा रकाना. रकान्यात जागेचं नाव नसेल तर झाड फलकावर येणार नाही, असं ठरवलंय.

डोंगरवेडी
मस्त. ‘उपटली तर चालतील’ वर एक खबरदारी लिहा: गाजरगवत उघड्या हाताने उपटू नका, कातडीला खाज आणि पुरळ येतं. आणि फुलायच्या आधी उपटा, नाहीतर बी तुम्हीच पसरवाल.

मिरजेचा_मुलगा
झाडांचा नकाशाही द्या ना, कुठलं झाड सड्यावर नेमकं कुठे आहे त्याचा. फोटोग्राफर मंडळींची सोय होईल.

कातळखुणा
नकाशा नको! ‘जगात फक्त इथेच’ असं लिहून शेजारी बाण काढला तर पहिला माणूस फोटो काढेल, दुसरा कंद उकरेल. खरपुडीचे कंद लोक उकरून खातात, आणि संग्राहक खुरपं घेऊनच फिरतात. फलकावर सह्याद्री लिहा, तालुका लिहा. डबकं लिहू नका. आणि फलक वाटेच्या तोंडाशी, गाड्या लागतात तिथे रोवा, सड्याच्या मधोमध नको. खांबासाठी कातळ फोडाल ती जागाही कुणाची तरी असेल.

सडाफटिंग
मान्य. खांब रस्त्याकडेला, नकाशा रद्द. शनिवारी सरपंचांसोबत जागा बघायला जातोय. कुडाळ-सावंतवाडीकडचं कुणी येणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा, आणि गाजरगवतासाठी हातमोजे आणा.